ब्रेकला लावलेला शेंदूर

लढाईच्या दिवसांत लोणावळ्याच्या माळावर लष्करी लॉऱ्यांचा तळ पडला आणि मला तिथं रंगाऱ्याची नोकरी लागली. काम म्हणजे लॉऱ्यांवर नंबर घालायचे. मळवलीच्या शेतकऱ्याचा मी मुलगा, सातवी पास, अक्षर बरं. तेवढ्या भांडवलावर ही लढाई आपणच जिंकणार असं मला वाटत असे. सकाळी रुळांच्या कडेनं चालत निघायचो, दोन्ही बाजूंना भाताची खाचरं असायची. आजही कुठं पेट्रोलचा वास आला की मला लढाई आठवत नाही, लोंब्या फुटायच्या बेतात, पोटरीत आलेला आंबेमोहर भात आठवतो. माणसाचं डोकं असलंच विचित्र असतं.

तळावर सुरुवातीला नुसता गोंधळ होता. लॉरीचं काही बिघडलं की ज्याला सुचेल तो पाना घेऊन आत घुसायचा. ड्रायव्हर इंजिन उघडून बसायचे आणि मिस्त्रीला लॉऱ्यांत पाणी भरत फिरावं लागायचं. मग वरून हुकूम आला की दुरुस्तीची कामं तीन ठिकाणी वाटून द्यायची. पाणी, तेल, हवा बघणं ड्रायव्हरचं. ब्रेक, क्लच, चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे हे तळावरच्या शेडमधल्या मिस्त्रीचं. इंजिनाचं पोट आणि गिअरपेटी पुण्याच्या मोठ्या कारखान्याची. त्यांना इथं कुणी बोट लावायचं नाही. हुकूम इंग्रजीत टंकलेला होता आणि आमच्या निम्म्या ड्रायव्हरांना मराठीसुद्धा वाचता येत नव्हतं. सुभेदारसाहेबांनी मला बोलावलं, तेव्हा मी तोऱ्यात सुचवलं की प्रत्येक भागावर रंगाचा ठिपका देऊ. पांढरा ड्रायव्हरचा, पिवळा शेडचा, तांबडा पुण्याचा. साहेबांनी माझी पाठ थोपटली. त्या थापेची ऊब मला महिनाभर पुरली.

ड्रायव्हर मात्र रुसले. चालवायची आम्ही आणि हात लावायचा दुसऱ्यांनी, हा कुठला न्याय, असं त्यांचं म्हणणं. त्यांना समजावलं ते भाऊनं. भाऊ कार्ल्याचा, माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठा. बैलगाडी हाकता हाकता लॉरीवर आलेला, मला सख्ख्या भावासारखा. चाकाभोवतीच्या लोखंडी पट्टीला आमच्याकडं धाव म्हणतात, ती ठोकणं लोहाराचं काम. तोच दाखला त्यानं दिला.

"बैलगाडीचं काय येगळं हाय? वंगण धन्याचं, चाक सुताराचं, धाव लोहाराची. धन्यानंच धाव ठोकाया घेतली तर गाडी जाईल कुटं?"

सगळे हसले आणि भांडण मिटलं. जे वरून आलेल्या हुकमाला जमलं नाही ते भाऊच्या एका गाडीनं जमवलं. पुढं रंग इतके अंगवळणी पडले की मिस्त्री आपल्या माणसांना सांगायचा, रंग बघा, डोकं चालवू नका. ते वाक्य मला फार आवडायचं. माझ्या रंगांचं कौतुक होतं ना त्यात.

मग खंडेनवमी आली. शेतकरी त्या दिवशी नांगर-कोयते पुजतात. आम्ही लॉऱ्या पुजायच्या ठरवल्या. साहेबांनी परवानगी दिली. सगळ्या लॉऱ्या धुतल्या, झेंडूच्या माळा चढवल्या, पाने-हातोडे ताडपत्रीवर मांडून हळदकुंकू वाहिलं. माझ्याकडं ब्रश होता म्हणून शेंदराचा मान माझा. तेलात कालवलेला शेंदूर मी प्रत्येक बॉनेटवर लावत गेलो. भाऊच्या लॉरीपाशी आलो तेव्हा तो म्हणाला की बॉनेटला काय लावतोस, घाट उतरतो तो ब्रेकाच्या जिवावर, त्याला लाव. मला ते पटलं. लॉरीखाली सरपटत गेलो आणि ब्रेकच्या दांडीच्या टोकाला नटासकट शेंदूर चांगला माखला. खाली माझाच पिवळा ठिपका होता. तो झाकला गेला हे मला दिसलं, आणि तरी काही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेडची माणसं तपासणीला लॉऱ्यांखाली शिरली. पिवळे नट आवळत गेली, तांबड्यांना हात न लावता पुढं गेली. त्यांनी डोकं चालवलं नाही.

तिसऱ्या दिवशी भाऊ माल भरून खंडाळ्याचा घाट उतरत होता. उताराला लागण्याआधी त्यानं नेमाप्रमाणे ब्रेक दाबून पाहिला होता, तेव्हा तो लागला. अर्ध्या घाटात सैल राहिलेला नट निघाला, दांडी सुटली. एका बाजूला दरी होती. भाऊनं लॉरी डोंगराच्या अंगाला घातली. तो वाचला, पण डावा पाय गुडघ्याखाली मोडला.

चौकशी शेडमध्ये झाली. मिस्त्री म्हणाला, दांडीचं टोक तांबडं, म्हणजे पुण्याचं. पुण्याहून आलेला माणूस म्हणाला, ब्रेक आमच्याकडं कधीच नव्हते. साहेबांनी दांडी हातात घेऊन नखानं खरवडली, तेव्हा शेंदराखालून पिवळा रंग निघाला. हे कुणी केलं, असं त्यांनी विचारलं. भाऊ बाकावर पाय लांब करून बसला होता. मी त्याच्यापासून चार हातांवर उभा होतो.

"म्या लावला, सायेब," भाऊ म्हणाला.

मी जागचा हललो नाही. मी भ्यालो, दुसरं काही कारण नाही. शेडच्या भागाला हात लावला म्हणून भाऊची नोकरी गेली. माझी राहिली. पुढच्या आठवड्यात सगळ्या दांड्यांवर पुन्हा पिवळे ठिपके द्यायचं काम मलाच मिळालं.

वर्षभर मी कार्ल्याची वाट टाळली. पुढच्या खंडेनवमीला मात्र राहवेना. गेलो तर भाऊ अंगणात लंगडत बैलगाडीच्या आसाला वंगण घालत होता. मी म्हणालो, भाऊ, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं. त्यानं हात पुसले. तो घरात गेला आणि शेंदराची वाटी घेऊन आला.

"वंगण माजं झालं. चाकं सुतारानं बगितली. शेंदूर तेवढा तुजा. लाव."

मी वाटी घेतली. शेंदरात बोट बुडवण्याआधी मी खाली वाकलो आणि चाक निखळू नये म्हणून आसाला असते ती खीळ हातानं हलवून पाहिली, आधी एका बाजूची, मग दुसऱ्या बाजूची. ते काम माझं नव्हतं. भाऊ बघत उभा राहिला, मग बैलांना वैरण टाकायला गेला.

तो होता तोवर एकही खंडेनवमी मी चुकवली नाही.