गिरणीत ऐकलेला माझा आवाज

काल पिठाच्या गिरणीत माझ्यापुढे आमचे निवृत्त झालेले साहेब उभे होते. कार्ड बंद पडलं म्हणून आमच्याच बँकेच्या ग्राहकसेवेला फोन लावलेला, स्पीकरवर.

"मला माणसाशी बोलायचंय हो! माणूस द्या!"

"आपली अडचण मी समजू शकते. कृपया थांबा," फोनमधून गोड उत्तर आलं.

तो आवाज माझा होता.

वर्षानुवर्षं त्याच ग्राहकसेवेत फोनवर लोकांच्या शिव्या गिळून तो गोडवा माझ्या गळ्यात मुरला होता. फोनवर उत्तरं देणाऱ्या यंत्राला शिकवायला याच साहेबांनी माझं बोलणं रेकॉर्ड करून घेतलं आणि मग मला घरी बसवलं. माझा संयम तेवढा ठेवून घेतला. राग मात्र माझ्याबरोबर परत पाठवला. यंत्राला तो काय करायचा होता!

काल गिरणीच्या घरघरीत तो राग अगदी सुखात होता.

"अरे, कुणी माणूस आहे की नाही तिथे?" साहेब रडकुंडीला आले होते.

माणूस त्यांच्या पाठीमागेच उभा होता, ज्वारीचा डबा घेऊन. मी डबा या हातातून त्या हातात घेतला. बोलायला माझा आवाज होताच की तिकडे.