पंखा नसलेली खोली

माझा नवरा दारू पितो, असं आमच्या गावानं ठरवून टाकलं आहे. त्याची चाल अडखळते, हात कापतात, बोलता बोलता विषय सुटतो. एवढा पुरावा गावाला पुरतो. ज्या माणसानं जन्मात थेंब घेतला नाही, त्याच्या तोंडाचा वास घेऊन बघणारे महाभाग आमच्या माण तालुक्यात कमी नाहीत.

तो गलाईवाला. म्हणजे जुने दागिने वितळवून त्यातलं शुद्ध सोनं, चांदी वेगळं काढणारा. आमच्याकडं पाऊस नाही, त्यामुळं निम्मे पुरुष मुंबईला आणि बरेचसे देशभरातल्या सराफ पेठांत भट्टीपुढं. गावातल्याच एकाचं केरळात दुकान होतं. तिथं माझ्या नवऱ्याचं उभं तारुण्य गेलं. लग्नानंतर काही वर्षं मीही तिथं राहिले.

दुकानामागं एक खोली होती. तिच्यात भट्टी, तेजाबाची भांडी आणि शिसं. चांदीतला मळ काढायला शिसं घालून तापवतात. तपकिरी धूर उठायचा, डोळे झोंबायचे, आणि खिडकी बंद. पंखाही नाही. का, तर वाऱ्यानं सोन्याचे कण उडतील! जमिनीवरचा केरसुद्धा पोत्यात भरून ठेवायचे, कारण तो धुतला की त्यातून सोनं निघायचं. माणसाच्या डोक्यात काय चढतंय याची फिकीर कुणाला होती? संध्याकाळी मालक प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. गुळानं धूर उतरतो म्हणे. आमच्या माणसांनी तो प्रसादासारखा खाल्ला.

आधी माझा नवरा चिडका झाला, मग विसरू लागला. शेवटी त्यानं दोन गिऱ्हाइकांची चांदी एकाच भांड्यात वितळवली. या धंद्यात त्याला माफी नाही. मालकानं आम्हाला गाडीत बसवून दिलं आणि आम्ही पोचायच्या आधी गावाला फोन केला, "लय प्यायला लागलाय गडी."

सांगलीच्या डॉक्टरांनीही आधी दारूचंच विचारलं. मग रक्त तपासलं आणि त्यांचा आवाज बदलला. शिसं रक्तातून मेंदूत जातं, तिथल्या पेशी मारतं, आणि मेलेल्या पेशी परत येत नाहीत, असं ते सावकाश सांगत होते. मी रडले नाही. मला राग आला. इतकी वर्षं मी चारचौघांत मान खाली घालून वावरले, ती कशासाठी?

यंदा जत्रेला मालक आला तो माझ्या धाकट्या दिराला न्यायला. मी मालकाला दारातच डॉक्टरांचं सगळं सांगितलं. तो हसला. "आवं वैनी, मी बी त्याच खोलीत लहानाचा मोठा झालो. मला कुठं काय झालंय?"

मग मी दिराला अंगणात गाठलं. "भावजी, जाऊ नका. तुमच्या भावाकडं बघा जरा."

"बघतोयच की वैनी. पर हितं ऱ्हाऊन काय करू? मेंढरं राखू?"

हा प्रश्न त्याला विचारावा लागला, याचा मला आजही संताप येतो.

सकाळी गाडी दारात सुरू झाली. दीर मागं पिशव्या ठेवत होता. तेवढ्यात माझा नवरा घरातून बाहेर आला. धुतलेला शर्ट, गुंड्या खालीवर लावलेल्या, केस विंचरलेले, हातात कपड्यांची पिशवी. इतका खुशीत मी त्याला कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. तो सरळ गाडीचं दार उघडून आत बसला.

"चला मालक, उशीर झाला. भट्टी पेटवायची हाय."

मालकानं त्याला दंडाला धरून खाली उतरवलं, अगदी मायेनं, पाठीवरून हात फिरवत.

"तू ऱ्हा रं गड्या घरी. तुज्या जागी माणूस मिळालाय आमाला."

माझा दीर पुढं आला आणि त्या जागेवर बसला.