कुणाचीच हरकत नव्हती

मोनिका खंडागळे माझ्याबरोबर शेंद्र्याच्या एका कंपनीत पॅकिंगला आहे. आम्ही दोघी शहरात उस्मानपुऱ्यात राहतो, एकाच बसनं जातो-येतो. ती कॅथलिक, मी चतुर्थीचा उपास करणारी. तिच्या धर्मातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. आता चांगलं कळतं, कारण तिच्या लग्नापायी मला स्वतःला फादरपुढं साक्षीला बसावं लागलं.

तिचा नवरा अगस्टीन पाचोडकडचा. टेम्पो चालवायचा आणि घरी आला की हात चालवायचा. एकदा कामावर कपडे बदलताना तिच्या पाठीवर पट्ट्याचे वळ मी या डोळ्यांनी पाहिले. वर या बाबाचं जालन्याला दुसरं बिऱ्हाड. दुसरं तरी कसं म्हणू, तेच पहिलं होतं. मोनिकाच्या लग्नाच्या वेळी तिथला पोरगा चालायला लागलेला होता. मोनिकाला हे कळलं तेव्हा तिची स्वतःची तनुजा शाळेत जायला लागली होती.

कौटुंबिक न्यायालयात तारखांवर तारखा झाल्या आणि शेवटी मारहाणीच्या कारणावरून घटस्फोट मिळाला. मला वाटलं, सुटली. पण त्यांच्यात तसं नसतं. सरकारी घटस्फोट सरकारापुरता, चर्चच्या लेखी लग्न तसंच उभं. आणि अगस्टीनची आत्या, गोजरबाई, मोनिकाच्या माहेरच्याच गावात राहणारी, जिनं हे स्थळ आणलं होतं, ती गावभर सांगत सुटली की मोनिकानं देवापुढं घेतलेली शपथ मोडली. नवऱ्यानं काय काय मोडलं ते गेलं चुलीत. मोनिका गावच्या चर्चला गेली की बायका बाकावर सरकून बसायच्या. तिची आईसुद्धा म्हणायला लागली, "कशाला येतीस, बाई? तिकडंच जात जा शहरातल्या चर्चला."

मग मोनिकानं चर्चच्या न्यायालयात अर्ज केला. जो तो विचारायचा, दुसरं कुणाशी करायचंय? मीही विचारलं, खोटं कशाला बोलू. तेव्हा ती माझ्यावर उखडली.

"कुणाशीच नाय करायचं, सरिताताई. माझं नाव लई खराब केलंय त्यांनी. खरं काय ते चर्चनं एकदा म्हणावं, बस."

आता हे चर्चचं न्यायालय काय बघतं, ते ऐका. ते लग्न मोडत नाही. लग्न मुळात लागलं होतं का, एवढंच तपासतं. लग्नाच्या दिवशी काही मोठं लपवलेलं असेल, फसवणूक असेल, तर लग्न झालंच नाही असं ठरतं. म्हणजे सरकारी कोर्टाला लग्नानंतरचं पाहिजे आणि चर्चला लग्नाआधीचं. मोनिकाचं आयुष्य या दोन कोर्टांनी मधोमध वाटून घेतलं.

माझी साक्ष झाली. मी वळ सांगितले, सुजलेला डोळा सांगितला. फादर सभ्य होते, सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, "लग्नाच्या आधी तुम्ही या दोघांना ओळखत होता का?" नव्हते ओळखत. "मग लग्नाच्या वेळचं तुम्हाला माहीत नाही," ते म्हणाले. मी पाहिलेल्याला तिथं फारसं वजनच नव्हतं. आणखी ऐकलं ते असं, की तिथं लग्नाची बाजू मांडायला एक वेगळे फादर नेमलेले असतात. हे लग्न खरंच आहे असं म्हणता येईल तेवढं म्हणायचं, हे त्यांचं काम. माझं डोकंच फिरलं. बाईला पट्ट्यानं मारत होते तेव्हा तिच्या बाजूनं एक माणूस उभा राहिला नाही, आणि लग्नाला मात्र वकील!

अगस्टीन बोलावूनही आला नाही. त्याच दिवशी माझ्यानंतर गोजरबाईची साक्ष होती. ती चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारी, गळ्यात जपमाळ, गावात मोठा मान. जालन्याचं विचारलं की ती सरळ कानावर हात ठेवणार आणि मोनिकाचा अर्ज बारगळणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो. व्हरांड्यातल्या बाकड्यावर मोनिका नुसती ओढणीचं टोक पिळत बसली होती.

गोजरबाई बाहेर आली ती पदरानं तोंड पुसत, चांगली खुशीत. आमच्याच शेजारी टेकली. आत काय झालं ते कुणी न विचारता सांगायला लागली.

"फादर म्हनले, जालन्याचं ठाऊक व्हतं का? म्हनलं, ठाऊक नाय असं कसं? त्या पोराला झबलं-टोपडं मीच नेलं व्हतं की. समद्या भावकीला ठाऊक व्हतं."

मोनिकानं ओढणी सोडली आणि ती तिच्याकडं वळली.

"मंग म्हनले, पुकारा झाला तवा गप का बसलात?"

हा पुकारा मला मोनिकानं आधी सांगितलेला नव्हता. त्यांच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये जाहीर करतात, की अमक्याचा मुलगा, तमक्याची मुलगी, यांच्या लग्नाला कुणाची हरकत असेल तर त्यानं फादरना कळवावं. असलं काही असेल तर ते त्याच वेळी बाहेर यावं, म्हणून तर हा पुकारा.

"म्हनलं, फादर, हरकत असंल तर सांगा, असं म्हनले व्हते. आमची कुनाचीच हरकत नव्हती. पोरगी पसंत व्हती आमाला. उगं कशाला हरकत घ्यायची?"

ती थट्टा करत नव्हती. तीन रविवार अख्खी भावकी बाकांवर बसून होती, आणि प्रत्येकानं मनाशी म्हटलं होतं, आपली काही हरकत नाही.

"आत्याबाई," मोनिका म्हणाली, "माझी हरकत कुणी विचारली?"

"तुला ठाऊकच नव्हतं. मंग तुझी हरकत कशी असंल?"

मला तिच्या झिंज्या धराव्याशा वाटल्या. खरंच वाटल्या. मोनिकानं माझा हात धरला नसता तर त्या व्हरांड्यात काय झालं असतं कोण जाणे. एका पोरीचा जन्म आगीत घातला, आणि बाई शब्दाचा अर्थ सांगते!

पण त्याच साक्षीनं काम केलं. बऱ्याच महिन्यांनी निकाल आला, की फसवणूक झाली, हे लग्न मुळातच झालेलं नाही. मला वाटलं, आता तरी गोजरबाई तोंड लपवेल. कसलं काय. तिनं गावात उठवलं, की मोनिकानं शहरातल्या फादर लोकांना पटवून लग्न मोडून घेतलं.

पुढच्या रविवारी मोनिका तनुजाला घेऊन गावी निघाली. मीही गेले, मला कोण अडवतंय! मिस्सा, म्हणजे त्यांची रविवारची उपासना, संपल्यावर चर्चच्या अंगणात सगळे चहाला थांबले होते. गोजरबाईनं सगळ्यांदेखत विचारलं, "आलीस व्हय गं लग्न मोडून?"

"मी काय मोडलं, आत्याबाई? ते तुम्ही लावलंच नव्हतं."

गोजरबाईनं तनुजाकडं बोट केलं, पोर सगळं ऐकत असताना.

"लगीनच नव्हतं, तर मंग ही कोन?"

तनुजानं आईच्या तोंडाकडं पाहिलं.

"अर्ज करायच्या आधी मी फादरना पहिलं हेच विचारलं होतं," मोनिका म्हणाली. तिचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. "ते म्हणाले, पोरगी शंभर टक्के खरी, तिच्यात काही खोट नाय. खोटं नुसतं लग्न होतं, आत्याबाई. आन् ते तुम्ही केलं."

मग तिनं तनुजासाठी चहा घेतला, आणि बस येईपर्यंत आम्ही तिघी तिथंच, सगळ्यांच्या समोर बसून राहिलो.