न विचारता आणलेल्या बायका

आमच्या घरमालकीणकाकूंनी जन्मात कुणाला काही विचारलं नाही. त्या फक्त सांगत. भाजीवाल्याला भाव सांगत, गुरुजींना मुहूर्त सांगत, आणि हडपसरला त्यांच्या शेतात आयटीवाल्यांच्या काचेच्या इमारती उठायला लागल्या तेव्हा बिल्डरच्या इंजिनिअरला पाया कुठे खचेल तेही रोज सकाळी जाऊन सांगून येत. मी यवतमाळहून त्यांच्या मागच्या खोलीत राहायला आले, त्या दिवशी त्यांनी मला आंघोळीची वेळ आणि माझं लग्नाचं वय, दोन्ही एका दमात सांगितलं.

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. समाजकार्याची पदवी घेतली आणि गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरवरच्या एका संशोधन प्रकल्पात लागले. काम साधं. दारोदार जाऊन बायकांना सांगायचं, की हा कॅन्सर एका विषाणूमुळे होतो, तो वर्षानुवर्षं गुपचूप अंगात राहू शकतो, आणि तपासणी केली तर आजार वेळेत सापडतो. बायका ऐकून घेत, चहा देत आणि तपासणीला येत नसत. विषाणू नवराबायकोच्या संबंधातून येतो म्हटलं की सासू उठून आत जाई. संध्याकाळी मी पायरीवर बसकण मारली की काकू वरून म्हणत, "तुझं समदं शिक्षण पायात उतरलंय."

मग त्यांनी काम स्वतःच हाती घेतलं. संक्रांत नुकतीच झाली होती. तपासणीच्या दिवशी आमच्या प्रकल्पाच्या खोलीबाहेर जरीच्या साड्या आणि गजऱ्यांची रांग लागली. प्रकल्पाच्या डॉक्टरबाईंनी पहिलीला विचारलं, कशासाठी आलात? ती म्हणाली, वाणाला. काकूंनी गल्लीभर हळदीकुंकवाचं बोलावणं फिरवलं होतं! डॉक्टरबाईंनी सगळ्यांना तपासणी समजावून, चहा पाजून घरी पाठवलं आणि मला झाडलं, की फसवून आणलेल्या बाईला आपण हात लावत नाही. संमती म्हणजे संमती.

मी ते काकूंना ऐकवलं. त्या मेथी निवडत होत्या.

"मला लग्नात कुनी इचारलं व्हतं? तरी ऱ्हायले की हुबी."

"म्हणून तर आता विचारायचं, काकू," मी म्हटलं.

दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तेवढ्या दिवसांत त्या गजरे माळून आलेल्यांतल्या काही जणी साध्या साडीत आपणहून येऊन तपासून गेल्या.

काकूंची थोरली जाऊ शेजारच्याच दारात राही. जमिनीच्या वाटणीपासून दोघींचं बोलणं बंद. जाऊबाईंची पाळी कधीच थांबली होती, तरी अंगावरून जात होतं. दोरीवरच्या कपड्यांवरून काकूंनी ते ताडलं. मी दोनदा गेले, पण मी काकूंची भाडेकरू, तेव्हा माझ्या तोंडावर दार लागलं. अखेर एका सकाळी काकू स्वतः गेल्या. उंबऱ्याबाहेर थांबून, भिंतीकडे बघत म्हणाल्या, "येतीस का माज्यासंगं?"

जाऊबाईंनी आत जाऊन गॅस बंद केला. मग चपला घातल्या.

रिक्षात मी मधे. हिला सांग, डॉक्टर बाईमाणूस हाय. हिला सांग, मला ठावं हाय. हिला सांग, पदर आत घे. दोघींचे कान माझ्या खांद्याला टेकलेले, तरी मी इमानाने निरोप पोचवत होते.

तपासणीत नको ते दिसलं. तुकडा काढून पाठवला, रिपोर्ट आला. कॅन्सरच होता, पण सुरुवातीचा. ऑपरेशन करायचं ठरलं. ऑपरेशनच्या सकाळी काकू दवाखान्यात माझ्यासाठी डबा ठेवून निघाल्या, तेव्हा जाऊबाई छताकडे बघत मला म्हणाल्या, "हिला सांग, जाऊ नगं."

मी तोंड उघडायच्या आत काकू खाटेवर बसल्या होत्या.

त्यानंतर जाऊबाई पुष्कळ वर्षं जगल्या. दोघी भांडल्यासुद्धा, पण समोरासमोर. आता दोघीही नाहीत. उरल्यासुरल्या शेताच्या जागी सोसायट्या आहेत आणि मुलींसाठी त्या विषाणूवरची लस आली आहे. मी तिथली दारं वाजवते. आया लॅपटॉपवरून मान न उचलता "बघू" म्हणतात. पूर्वीइतकं चालवत नाही. लिफ्टशी क्षणभर टेकते, आणि पुढची बेल दाबते.