पाणी पेली काय?

दवाखान्यात पाठवायच्या बाटलीत मी उकळून गार केलेलं पाणी भरत होते, तेव्हा यांचा चंद्रपूरहून फोन आला. नेहमी आधी जेवणाचं विचारतात. त्या दिवशी नुसतंच म्हणाले, "आता पाणी पाठवू नको." मी म्हटलं, "काऊन? डॉक्टरनं बंद केलं काय?" त्यांनी फोन ठेवून दिला. मग मला कळलं. भरलेल्या बाटलीचं काय करायचं ते सुचेना, म्हणून झाकण लावून फळीवर ठेवली. अंगणात मामाजी, माझे सासरे, बसले होते. मी दारात जाऊन उभी राहिले. पदर तोंडापर्यंत ओढून घेतला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता भिंतीला हात लावून ते उठले. मला बोलावं लागलं नाही. तशी मी त्यांच्याशी कधी बोललेलीच नव्हते.

आमच्याकडे सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही. सिंदेवाहीच्या बाजूला आता पुष्कळ घरांत हे राहिलेलं नाही, पण आमच्या घरात राहिलं, कारण मध्ये प्रणाली होती. प्रणाली माझी नणंद. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. मी आले तेव्हा ती चौथीत होती आणि माझंही शिक्षण चौथीपर्यंतच, म्हणून ती सगळ्यांना सांगायची, "मी अन् वहिनी एकाच वर्गात हाओ." मामाजी माझ्यापासून चार हातांवर जेवायला बसत आणि तिला म्हणत, "आपल्या वहिनीले सांग, भाजीत मीठ नाई." मी तिलाच सांगायचे, "मीठ बाजूले ठेवलं हाय म्हणा." ती वैतागायची. "मी काय रेडिओ हाओ काय तुमचा? मी गेली सासरी, तर तुम्ही दोघं बिनमिठाचे मरसान!" मामाजी मिशीत हसायचे. मीही हसायचे, पदराआड.

तिला सिकलसेल होता, रक्ताचा जन्मापासूनचा आजार. शाळेत रक्त तपासलं तेव्हा कळलं. हिवाळ्यात हातपाय असे दुखायचे की ती उशी दातात धरायची. डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. थंडीत जायचं नाही आणि दिवसभर पाणी पीत राहायचं. पाण्याचं काम माझ्याकडे आलं. मला चारचौघांत बोलायला होत नाही, बाजारातही मी बोटानं दाखवून भाजी घेते. पण ती परसात असो की तलावाच्या पाळीवर, बांधावर, मी ओरडून विचारायचे, "प्रणाली, पाणी पेली काय?" माझा आवाज गावानं ऐकला असेल तो एवढ्याचसाठी. तिकडून तिचं यायचं, "पेली व माय, पेली!" कधी न पिताच.

बी.ए. झाल्यावर तिला इतिहास पुढे शिकायचा होता, तोही बाहेर. हे विद्यापीठ का पाहिजे, काय शिकायचं आहे, असं सगळं लिहून पाठवायचं होतं. ती ते इंग्रजीत करण्याआधी मराठीत लिहून मला वाचून दाखवायची. पहिल्यांदा तिनं नुसते राजे आणि किल्ले लिहिले. मोठ्या विद्यापीठाला तेच लागत असेल, असं तिला वाटलं, मलाही वाटलं. बाहेरून मामाजी म्हणाले, "याच्यात आपला तलाव नाई काय?" हे हसले, "बाबा, तलावाचा कुठी इतिहास राह्यते? तलावात पाणी राह्यते." पण ती थांबली. "बाबा, कोनं खोदला हो आपला तलाव?" मामाजी म्हणाले, "मले काय मालूम? होता. धानाले पाणी भेटे. कोनं विचारलं कधी?" ती म्हणाली, "मीच तर विचारून राह्यली ना." मग तिनं ते राजे सगळे काढून टाकले.

दिल्ली आणि हैदराबाद, दोन्हीकडे निवड झाली. दिल्लीला जुन्या तलावांवरच काम करणाऱ्या एक मॅडम होत्या. हैदराबादला तसं कोणी नव्हतं, पण तिथली थंडी तिला सोसली असती. किती दिवस घरात तेच चाललं. ती दिल्लीच्या मॅडमचं लिहिलेलं मोबाईलवर वाचायची आणि मग बोटं चोळत बसायची. शेवटी मामाजी तिला म्हणाले, "आपल्या वहिनीले विचार, तिचं काय म्हणणं हाय." त्या घरात मला कोणी असं विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "दिल्लीले लय थंडी राह्यते म्हणते." मामाजींनी मान हलवली. प्रणाली आमच्या दोघांकडे पाहून हसली. "घ्या! सासरा-सुनेचं एकदाचं जमलं, तेही माझ्याच मुळावर." आणि ती हैदराबादला गेली. जाताना हसत गेली, पण आदल्या संध्याकाळी पाळीवर एकटी बसलेली मी पाहिली होती. त्या दिवशी मी पाण्याचं विचारलं नाही.

तिथं ती बरी राहिली. फोनवर माझं पहिलं वाक्य तेच असायचं. यंदा पुढच्या संशोधनासाठी तिनं पुन्हा दिल्लीलाच अर्ज केला, त्याच मॅडमकडे. म्हणाली, "वहिनी, या बारीनं मी थंडीले विचारणार नाई." मी म्हटलं, "मलेही विचारू नको मंग." "तुले तं विचारीनच. तिकडं पाणी पेली काय म्हणून बोंबलाले कोण हाय मले?" मुलाखतीचा दिवस यायचा होता. उन्हाळ्यात घरी आली, तलाव आटला होता, म्हाताऱ्यांकडे बसून जुनं विचारत फिरली. मग ताप आला, छाती भरली. आधी सिंदेवाही, मग चंद्रपूर. रक्त चढवलं, ऑक्सिजन लावला... बाहेर जमीन तापून भेगाळली होती. ज्या थंडीला आम्ही एवढं भ्यायलो, ती त्या दिवसांत कुठंच नव्हती.

आता धानाची रोवणी सुरू आहे. हे पहाटेच शेतावर, बांधीत जातात आणि घरात आम्ही दोघंच उरतो. मी ताट ठेवते, मामाजी जेवतात, ताट सारतात. मीठ आहे की नाही, कोणी सांगत नाही. ती बाटली अजून फळीवर आहे, भरलेली. मी तिच्यावरची धूळ पुसते, झाकण उघडत नाही.

परवा दुपारी मी चुलीपाशी नुसतीच बसले होते. सकाळपासून तोंडात काही घातलं नव्हतं. दारात सावली पडली म्हणून मी पदर ओढला. मामाजी लोटा घेऊन उंबऱ्याबाहेर उभे होते. त्यांनी लोटा उंबऱ्याच्या आत सारला, मग भिंतीकडे पाहून म्हणाले, "बाई... पाणी पेली काय?"

माझं उत्तर त्यांना सांगायला कोणी आहे का, म्हणून मी सवयीनं मागे पाहिलं. मग मीच म्हटलं, "नाई, मामाजी."