एकोडीच्या पाळीवरचं भाजीचं फूल

नागपूरहून निघताना नवऱ्याला ऐटीत म्हणाले होते, "एका झाडाचं नाव तर शोधायचंय, संध्याकाळी परत!" भंडाऱ्याला उतरले, गडबडीत साकोलीऐवजी मोहाडीच्या एस.टी.त चढले आणि कंडक्टरने पुढच्याच थांब्यावर उतरवून दिलं. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाईला गाडीची पाटी वाचता येत नाही, हे माझ्या विद्यार्थ्यांना कळलं नाही तेच बरं. साकोलीकडच्या एकोडी गावाला पोचेपर्यंत दुपार कलली होती. साल सत्त्याहत्तर असावं, महिना फाल्गुन.

गावाबाहेर बोडी (लहान तलाव), तिच्याखाली धान कापून कोरड्या पडलेल्या बांध्या (शेतं). बोडीच्या पाळीवर (बांधावर) कमरेएवढं एकच झुडूप उभं होतं. अंगावर पान नाही, नुसती गुलाबी-जांभळी फुलं. एक खुडून उलगडलं. मागे उभी मोठी पाकळी, बाजूंना दोन, आणि खालच्या दोन जुळून होडी झालेली. वाटाण्याचं कूळ, हे नक्की. पण शेंग पाहिल्याशिवाय पुढचं नाव सांगायचं कसं?

"इकडचं तोडा जी बाई," मागून आवाज आला. "तिकडचं बियाले ठेवलं आहे."

टोपली घेऊन आलेल्या पार्वताबाई साठीच्या होत्या. पाळीखालच्या दोन बांध्या त्या एकट्या कसत. झाडाचं नाव विचारलं तर हसल्या. "भाजीचं फूल. आणखी कायले नाव पाहिजे?"

त्यांनी घरी नेऊन कांदा, लाल मिरची घालून त्या फुलांची भाजी आणि भात वाढला. भाजी किंचित कडवट लागली, पण मी दोनदा मागून घेतली. मग त्यांनी गाडग्यात राखेत जपलेल्या गेल्या सालच्या शेंगा काढल्या. शेंग सरळ, काडीसारखी, बी अगदी बारीक. निळीच्या गोतातलं रानझुडूप! मला कोण आनंद झाला.

"नाव भेटलं न? आता त्याले जागा द्या," त्या म्हणाल्या. "उन्हाळ्यात पाळ उंच करून राहिले. माती पडली का झाड गेलं. एकच उरलं आहे. माझ्या आंगणात बकऱ्या कोंब ठेवत नाही. तुमच्या घराले कंपाउंड आहे."

गाडगं माझ्या रुमालात पूर्ण रितं केलं त्यांनी. वर बजावलं, "पेरायच्या आधी गरम पेज (भाताचं पाणी) ओता बियावर. रातभर राहू द्या. आमची माय असंच करे."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, शिजवलेलं बी कुठे उगवतं का, बाई! नागपूरला कुंड्या भरल्या, चाळलेली माती, शेणखत, सगळं पुस्तकी. बी मात्र कोरडंच पेरलं. पावसाळा सरला, एक कोंब दिसला नाही. वैतागून कुंड्या नालीत रित्या केल्या आणि त्यांत शेवंती लावली.

पुढे कॉलेजात कठीण सालीच्या बियांचा धडा शिकवायला घेतला. साल मऊ पडल्याशिवाय पाणी आत शिरत नाही. गरम पाणी ओता, रात्रभर भिजवा. खडू हातात तसाच राहिला. पेज दुसरं काय करत होती?

ऐंशीच्या फाल्गुनात पुन्हा एकोडी गाठली. पाळ माणसाहून उंच झाली होती, तिच्यावर नुसता मुरूम. पार्वताबाई दारात बसलेल्या, मोतीबिंदूने डोळे दुधाळलेले. आवाजावरून ओळखलं त्यांनी मला.

"फुललं का जी?"

"नाही उगवलं."

"काहून? पेज ओतली होती न?"

खरं सांगायलाच तर मी एवढ्या लांब आले होते. पण तोंडातून निघालं, "हो, ओतली होती."

त्या म्हणाल्या, "मंग माझंच बी खराब असन. तुमाले फुकटचा ताप दिला, बाई."

आणि त्या माझ्यासाठी भात टाकायला भिंतीला धरून उठल्या. मी जेवले. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून सगळा रस्ता तेच एक वाक्य घोकत राहिले, जे तिथे म्हणायचं होतं: बी चांगलं होतं, पार्वताबाई.