सत्काराचं ताट

कामगार दिनाच्या सकाळी कंत्राटदाराच्या मुकादमाचा फोन आला. "सायब, मामा गेले. काल शेतात भाताच्या रोपांसाठी राब भाजताना छातीत कळ आली, तितंच..." आणि मी म्हणालो, "अरे बापरे! मग आज खुर्च्या कोण लावणार?" मुकादम म्हणाला, "बगतो दुसरा कोन तरी." दीड महिना झाला, तरी हे आठवलं की माझी कानशिलं गरम होतात.

मामा पोलादपूरकडच्या एका डोंगरवाडीतले. महाडच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या रसायनांच्या कारखान्यात ते कंत्राटी सफाईवर होते आणि मी तिथला पर्सोनेल ऑफिसर. एक मेला आमच्याकडे झेंडावंदन, सत्यनारायण, शिरा आणि मग आदर्श कामगाराचा सत्कार. सुट्टी कायम कामगारांना. कंत्राटी माणसांनी मांडव घालायचा, खुर्च्या मांडायच्या, शेवटी पत्रावळ्या उचलायच्या. 'कामगार दिनाला कामगारच राबतात' हा विनोद मी स्वतः दरवर्षी माइकवरून करायचो. मांडवाच्या कडेला उभे राहून मामाही हसायचे.

काही वर्षांपूर्वी एका दुपारी प्लांटमध्ये वायुगळती झाली. सगळे बाहेर पळत असताना मामा ओलं गोणपाट तोंडाला बांधून आत शिरले आणि व्हॉल्व बंद केला. अडकलेले सहा जण वाचले. त्या वर्षीचा सत्कार कुणाचा, यात शंकाच नव्हती. पण वरून निरोप आला, कंत्राटी माणसाचं नाव कंपनीच्या कागदावर नको, उद्या कायम करा म्हणून दावा लावेल. मी मान डोलावली. मानपत्र मीच लिहिलं, शिफ्टच्या ऑपरेटरच्या नावानं, आणि भाषा अशी फुलवली की त्या बिचाऱ्यालाच स्टेजवर कुठं बघावं कळेना. शाल-श्रीफळाचं ताट धरून शेजारी उभे होते मामा! मी त्यांच्याकडे बघितलं नाही. नंतर शिरा वाढताना तेच माझ्यापाशी थांबले. "सायब, गोड कमी हाय का?" मी म्हटलं, "नाही मामा, छान झालाय." त्या विषयावर आमचं एवढंच बोलणं झालं... कायमचं.

बाराव्याला वाडीवर गेलो. चोराच्या मनात चांदणं. वाटलं, मामी आता जाब विचारणार. मामींनी पाणी दिलं आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक शाल आणून माझ्यापुढे ठेवली. "ही बगा, तुमी सत्कारात दिल्याली. एकदाच अंगावर घेतली ह्यांनी, नातीच्या बारशाला." शाल तांबडी होती. आमच्या कारखान्याच्या शाली दरवर्षी एकाच दुकानातून येतात, सगळ्या पांढऱ्या. त्या दिवशी घरी जाताना मामांनी महाडच्या बाजारातून ती स्वतःच घेतली असणार.

"माइकवर तुमीच बोल्लात ना? काय बोल्लात ते सांगा. ह्यांना इचारलं की नुसते हसायचे. पुरं नाव घेतलंत ना ह्यांचं?"

नवऱ्याचं नाव त्या स्वतः उच्चारणार नव्हत्या आणि मला ते ठाऊकच नव्हतं. भिंतीवरच्या फोटोखाली लिहिलेलं वाचलं आणि म्हटलं, "हो, पूर्ण नाव घेतलं." मग गोणपाट, व्हॉल्व, ते सहा जण... सगळं सांगितलं. मामांच्या नावानं मी ते मोठ्यानं पहिल्यांदाच बोलत होतो. मामी नातीला जवळ ओढून म्हणाल्या, "ऐक गो, तुजा आजा." मग मला विचारलं, "टाळ्या पडल्या?"

"खूप," मी म्हणालो.

ते पूर्ण नाव या लेखाच्या वर मोठ्या अक्षरांत घालायचं, असं ठरवूनच लिहायला बसलो होतो. पण अंक वाडीवर पोहोचला तर शाल कुणी आणली ते मामींना कळेल. म्हणून नाव काढलं, वाडीचंही काढलं. मामींसाठी काढलं असं म्हणतोय खरा, पण त्यात माझीही अब्रू झाकली जाते. आणि मामा दुसऱ्यांदा बिननावाचे राहतात, तेही माझ्याच हातून.